धुऱ्याखालचं पाणी

मोट वर आली ती अर्धी रिकामी. थारोळ्यात जे पडलं त्याला पाणी म्हणायचं तर म्हणावं. गाळाची गढूळ राब होती ती, आणि तिच्यासोबत बोटाएवढा एक बेडूक बाहेर पडून पाण्याच्या पाटानं, दांडानं, उड्या मारत निघून गेला. धोंडबानं बैल थांबवले. बैलांच्या उतरणीच्या, धावेच्या तोंडाशी उभा राहून तो बराच वेळ खोकला, मग वाकून विहिरीत पाहिलं.

"झालं आजचं," तो म्हणाला.

मनकर्णा खाली बगीच्यात फावडं घेऊन उभी होती. तिसऱ्या ओळीतल्या सातव्या झाडापर्यंत दांड ओला झाला होता. आठव्याच्या आळ्यात थेंब गेला नव्हता.

"किती झाली वं?" वरून धोंडबानं विचारलं.

"तिसऱ्या ओळीची सात."

"काल चौथीत पोचलो होतो."

"काल पोचलो होतो," मनकर्णा म्हणाली आणि फावडं चिखलातून उपटलं.

इंदूबाई, धोंडबाची विधवा बहीण, बैलांसमोर कडबा टाकत होती. ती निघालेल्या बेडकाकडे पाहत म्हणाली, "थोही सोडून चालला, दादा."

कोणी हसलं नाही. चैत्र अजून सरला नव्हता.

चिचखेडीच्या बौद्धवाड्यात संत्र्याचा बगीचा असलेलं हे एकच घर. धोंडबानं नागपुरात सोळा वर्षं गिरणीत काढली होती. सक्करदऱ्याच्या तलावामागं एका खोलीत राहायचा, आणि कापसाची भुकटी छातीत भरून घ्यायचा. छप्पन साली दीक्षा घेतली, अठ्ठावन्नला छातीनं जवाब दिला तेव्हा गिरणी सोडून गावाकडे आला आणि सावनेरच्या रस्त्याला अडीच एकर खडकाळ जमीन घेतली. विहीर नवरा-बायकोनं खोदली. धोंडबा खाली सब्बल, म्हणजे पहार, मारायचा आणि सगळा मुरूम मनकर्णाच्या डोक्यावरून वर निघायचा. एकतीस हातांवर पाणी लागलं त्या दिवशी वाड्यातल्या साऱ्या बाया घागरी घेऊन आल्या. तोवर त्या मालगुजार भैयाजीच्या विहिरीजवळ उभ्या राहायच्या, चाकानं ओढायचा हक्क नव्हता. त्यांच्या घरचं कोणी येऊन वरून ओतलं तर घागर भरायची. मनकर्णा नवी नवरी होती तेव्हा एकदा दुपारपर्यंत तशी उभी राहिली होती. कोणी आलंच नाही.

मग बगीचा लावला. दहा ओळी, ओळीत बारा झाडं. गावातले लोक म्हणत, यांना संत्रा पचायचा नाही. सहाव्या वर्षी फळ धरलं आणि ते बोलणं बंद झालं.

संत्र्याचा हिशोब पावसाशी बांधलेला असतो. उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं, त्याला ताण द्यायचा. झाड सुकतं, पान टाकतं, आणि मृगाच्या पावसानं भिजलं की अंगभर फुलतं. गेली दोन वर्षं धोंडबानं ताण दिला आणि मृग कोरडा गेला. पाऊस आला तो महिन्याभरानं, तोवर झाडं फुलायचं विसरली होती. एकशेवीस झाडांना मिळून चार पाट्या फळ निघालं. यंदा ताण द्यायची हिंमत नव्हती. झाडं आधीच मरायला टेकली होती. पानं पुंगळीसारखी वळली होती आणि दुपारी बगीच्यात शिरलं की कागद चुरगाळल्यासारखा आवाज यायचा.

ग्रामसेवक वामनराव सायकलवरून आला तेव्हा तिघं भाकर खात होती. वर्ध्याकडचा माणूस, पस्तिशीचा, टाळूवर केस विरळ झालेले. चार वर्षांपासून या सर्कलमध्ये होता. आला की सायकल कडुनिंबाला टेकवायचा आणि विचारायच्या आधी माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घ्यायचा. मनकर्णाला त्याचं ते आवडायचं.

आज तो दोन गिलास पाणी प्यायला. उठून विहीर पाहिली, बगीच्यात एकटाच फिरला, दोन-तीन झाडांची साल नखानं खरवडून पाहिली. परत आला.

"धोंडबाजी, राग नका मानू. या विहिरीवर एकशेवीस झाडं जगत नाहीत."

"मंग किती जगते?"

"साठ."

धोंडबानं हातातला तुकडा ताटलीत ठेवला. "आनं बाकीची?"

"तोडाची."

"लावाले तुमच्याच खात्यानं सांगतलं. कलमा आणून देल्या. आता तुमीच तोडाले सांगून राहिले?"

"तेव्हा पाऊस होता," वामनराव म्हणाला. "मी परवा सावनेरच्या कचेरीत पावसाची वही पाहून आलो. बारा-तेरा वर्षांची. मृगाचा पाऊस दरसाल मागं सरकून राहिला, धोंडबाजी. एखाद्या वर्षाची गोष्ट नाही. त्याची वाट पाहून ताण देणारा बगीचा आता चालायचा नाही. आधी झाडं जितकी विहीर पाजते तितकीच ठेवा. ताण देऊ नका, यंदा फळ नको. बुडाशी मळणीतून उरलेलं तुरीचं कुटार हातभर जाड पसरा, म्हणजे ऊन जमिनीले लागत नाही, पाणी टिकते. झाड वाचलं तर पुढच्या साली बहार बदलता येईल, मृगाऐवजी दुसऱ्या मोसमात फुलवता येईल."

"अर्धा बगीचा!" धोंडबा उठला. त्याचा आवाज फाटला आणि खोकल्यात गेला. खोकला थांबल्यावर तो म्हणाला, "तुमचे अर्धे लेकरं तोडसान का?"

वामनराव उठून सायकलीकडे गेला. जाताना मनकर्णाला हळूच म्हणाला, "वहिनी, पंधरा दिवसांत नाही केलं तर साठही नाही राहायची."

पंधरा दिवस गेले. वैशाख लागला. मोट चालायची ती घटकाभर; बाकीचं पाणी मनकर्णा आणि इंदूबाई घागरींनी न्यायच्या. पहाटे विहिरीत उतरायचं, कपारीत साचलेलं खापरानं घागरीत भरायचं, वर ओढायचं, आणि झाडाच्या बुडाशी ओतायचं. जमीन तेवढ्यात गिळून टाकायची. मनकर्णाच्या तळव्यांना घागरीच्या दोरानं, नाड्यानं, चिरा पडल्या. ती रात्री त्यात गोडंतेल भरायची आणि सकाळी पुन्हा नाडा धरायची.

एका सकाळी धावेवर पांढरा बैल बसला. धोंडबानं शेपूट पिरगाळलं, पराणी टोचली, मग पराणीनंच पाठीवर मारत सुटला. बैल मान लांब करून बसला तो बसलाच. इंदूबाईनं धावत जाऊन भावाचा हात धरला.

"मारून टाकतं का दादा त्याले? त्याच्यात काही राह्यलं हाय का?"

धोंडबाच्या हातातली पराणी खाली पडली. तो बैलाशेजारीच धावेवर बसला, खोकला, आणि धुळीत थुंकला. थुंकीकडे पाहू नये म्हणून मनकर्णानं तोंड फिरवलं.

"सांगा त्या वामनरावले," थोड्या वेळानं तो म्हणाला. "कोनती तोडाची थे त्यालेच ठरवू दे. माह्यानं नाही होत."

वामनराव चुन्याचा डबा घेऊन आला. एक सोडून एक, तिरप्या ओळीनं, त्यानं खोडांवर चुन्याची बोटं ओढली. तो गेल्यावर मनकर्णा एकटी बगीच्यात फिरली. पाचव्या ओळीतल्या नवव्या झाडावर खूण होती. ते झाड बुटकं होतं पण दरसाल आधी धरायचं. तिनं पदरानं चुना पुसला, आणि शेजारच्या उंच झाडाला बोट लावलं. उंच झाडाला डिंकाचा रोग लागलेला होता. तिनं ते बरोबर केलं होतं, तरी हात झाडाला लावल्यावर तिला खाली पाहावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी धोंडबा कुऱ्हाड घेऊन पहिल्या झाडासमोर उभा राहिला. एक घाव घातला. कुऱ्हाड रुतली ती त्याला काढता येईना. मनकर्णानं त्याला बाजूला केलं, खोडावर पाय देऊन कुऱ्हाड उपसली आणि दुसरा घाव घातला. संत्र्याचं लाकूड आतून पिवळं असतं, चिवट असतं. दुपारपर्यंत सहा झाडं पडली. साऱ्या शेतात तोडलेल्या पानांचा वास भरला, सणासुदीला घरात फळ सोलावं तसा. तीन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी लोक आले. कोणी जळणासाठी, कोणी पाहायला. धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, भैयाजी येऊन उभा राहिला. त्याची जमीन धुऱ्याला लागूनच, आणि चारशे झाडांचा बगीचाही. साठीचा गोरा माणूस, डोक्यावर उपरणं, हातात छत्री.

"धोंड्या, काहून गा उजाड करून राहिला?"

धोंडबा पडलेल्या फांद्या ओढत राहिला. मनकर्णा म्हणाली, "पानी पुरत नाही, मालक. अर्धी ठेवतो."

"कोनं सांगतलं? वामनरावनं? मले म्हणले असते तं मी आख्खा बगीचाच इकत घेतला असता." तो हसला. मग राहिलेल्या झाडांच्या बुडाकडे छत्रीनं दाखवत म्हणाला, "आनं हे कुटार काहून टाकलं?"

मनकर्णानं सांगितलं. ऊन लागत नाही, पाणी टिकतं. किती जाड, खोडापासून किती लांब ठेवायचं म्हणजे वाळवी लागत नाही, तेही सांगितलं. भैयाजीनं दोनदा विचारून नीट समजून घेतलं.

"काहून सांगतलं वं त्याले?" तो गेल्यावर इंदूबाई करवादली.

"इचारलं त्यानं."

"त्यानं इचारलं म्हणून का आपला जीव काढून देशीन?"

पण मनकर्णाला त्या दिवशी कोणाचा राग येत नव्हता. हात सोलून निघाले होते आणि काम झालं होतं. आणि खरंच, आठवड्याभरात विहीर सावरली. पहाटे पाहिलं तर तळाशी कमरेएवढं पाणी असायचं. साठ झाडांना पुरून उरायचं. पानांची पुंगळी उलगडली. कुटाराखाली हात घातला की जमीन गार लागायची. धोंडबा एक दिवस स्वतः झाडाखाली जाऊन बसला. त्यानं मूठभर माती उचलून मनकर्णाच्या हातावर ठेवली. वामनराव आला तेव्हा तर तो लहान पोरासारखा झाडाझाडाशी धावला. "नागपूरचे साहेब आणतो," तो म्हणाला. "सर्कलमधल्या सगळ्या लहान बगीचेवाल्यांना इथं आणून दाखवतो. तुम्ही सांगायचं, वहिनी. मी नाही, तुम्ही."

मनकर्णानं घर सारवलं. धोंडबाचं धोतर निळीत बुडवून काढलं. साहेबांसमोर काय बोलायचं ते ती घागर भरताना मनात म्हणून पाहायची.

मग धुऱ्यापलीकडे सुरुंग लागला. पहिला धमाका झाला तेव्हा घरातला एक माठ तडकला. भैयाजीची विहीर धुऱ्यापासून पन्नास पावलांवर. दहा दिवस सुरुंग लागत राहिले. दगडाचे ढीग वाढले. होती त्याहून आणखी तीस फूट खोल गेली विहीर, असं मजूर सांगत होते. अकराव्या दिवशी विजेची मोटर आली. त्या दुपारी ती सुरू झाली ती थांबली नाही. एकसारखा घरघराट, जेवताना, काम करताना, निजताना. धुऱ्यावर उभं राहिलं की भैयाजीच्या दांडातून मनगटाएवढं स्वच्छ पाणी पळताना दिसायचं. त्याच्या झाडांच्या बुडाशी हातभर कुटार होतं.

तिसऱ्या सकाळी मनकर्णा विहिरीत उतरली. शेवटच्या पायरीवरून पाय खाली सोडला तर चिखल लागला. तिनं खापर टेकवलं. कपारीतून येणारी बारीक धार बंद होती. ती तिथंच बसून राहिली. खाली मोटर ऐकू येत होती; दगडातून, विहिरीच्या भिंतीतून.

वामनराव आला, विहिरीत वाकून पाहिलं. त्यानं आज माठातलं पाणी घेतलं नाही.

"आमच्या इहिरीतलं पानी त्याच्या इहिरीत कसं जाते?" इंदूबाईनं विचारलं. "मधी धुरा हाय ना?"

"जमिनीखाली धुरा नाही, बाई," तो म्हणाला.

धोंडबा आणि मनकर्णा भैयाजीच्या घरी गेले. ओसरीच्या खाली अंगणात उभे राहिले. भैयाजी झोपाळ्यावर पान लावत होता.

"मालक, मोटर घटकाभर बंद ठेवत जा," धोंडबा म्हणाला. "आमच्या इहिरीचं पानी तुटलं. वाड्यातल्या बाया बी तिथंच भरते."

"माह्या जमिनीत मी खोदलं. तुह्या इहिरीत का दोर सोडला मी?"

"तसं नाही मालक..."

"मंग कसं?" भैयाजीनं पान तोंडात ठेवलं. "कायदा पाह्य. जा सावनेरले, इचार. आनं पानी भेटलं म्हणून मी दोनशे नवी कलमा लावून राहिलो यंदा. पानी वाया नाही घालवत." मग तो मनकर्णाकडे पाहून म्हणाला, "कुटार टाकाले हात पायजे मले. तुले येते ते. सकाळी येत जाय. धोंड्याची बहीण हाय तिलेही आन."

मनकर्णाला वाटलं धोंडबा काही बोलेल. तो खोकला. खोकता खोकता अंगणाबाहेर निघून गेला, आणि त्याच्यामागं तीही निघाली.

ज्यानं आपल्या विहिरीवर आपली घागर टेकू दिली नाही, त्याच्याच मोटरीनं आपली विहीर पिऊन टाकली, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. घरात दोन पायल्या ज्वारी उरली होती. चार दिवसांनी ती आणि इंदूबाई भैयाजीच्या बगीच्यात कामाला गेल्या.

जीप तिथंच आली.

मनकर्णा कुटाराची पाटी डोक्यावर घेऊन उभी होती. जीपमधून दोन साहेब उतरले. मागून वामनराव, सायकलवरून धापा टाकत. मोठ्या साहेबानं वाकून कुटार उचलून पाहिलं, खालची ओली माती पाहिली.

"उत्तम! ही कल्पना कोणाची?"

भैयाजी छत्री टेकून म्हणाला, "आमच्या ग्रामसेवकांची किरपा. आमी फक्त आयकतो."

साहेबानं वामनरावच्या पाठीवर थाप मारली. वामनरावनं मनकर्णाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिनं पाटी खाली ठेवली.

"साहेब, आमचीही इहीर पाहून घ्या. धुऱ्यापल्याड हाय. पन्नास पावलं."

भैयाजी म्हणाला, "मजूर हाय साहेब, बोलते काहीबाही."

"नाही साहेब," वामनराव एकदम म्हणाला. "सगळ्यात आधी यांनीच केलं. यांचा बगीचा पाहाच."

साहेब आला. धुरा ओलांडताना त्याच्या पँटला काटे लागले. त्यानं विहिरीत पाहिलं. तळाला चिखल भेगाळला होता. साठ झाडांची पानं पुन्हा वळली होती. धोंडबा धुतलेलं धोतर नेसून झाडाखाली उभा राहिला. त्याला वाटलं साहेब त्याच्याचकडे आले आहेत. त्यानं हात जोडले.

"यांनी विहीर खोल करायला पाहिजे होती," साहेब वामनरावला म्हणाला. "शेजारी बघा, काळ ओळखून वेळेवर केली."

"साहेब, यांची ऐपत..."

"मग या जमिनीत संत्रा ठेवण्यात अर्थ नाही. उरलेली पण काढायला सांगा. ज्वारी घ्या म्हणावं." त्यानं घड्याळ पाहिलं.

जीप गेली. भैयाजीचा मुकादम धुऱ्यावरून ओरडला, "ओ बाई, पाटी तशीच पडली हाय." मनकर्णा परत गेली आणि सूर्य बुडेपर्यंत तिनं कुटार पसरलं.

वामनराव संध्याकाळी तिच्या वाटेत उभा होता.

"वहिनी, माझं चुकलं."

"नाही जी. तुमी सांगतलं थे बराबर होतं. आठ दिवस इहीर भरली, डोळ्यानं पाह्यली मी." ती थांबली. "पण अर्धी तोडा असं भैयाजीले काहून नाही सांगतलं?"

"तो ऐकला असता का?"

"नाही आयकला असता. आमी आयकतो, म्हणून आमाले सांगतलं."

वामनराव सायकलीचा ब्रेक दाबत-सोडत राहिला. "मी वर लिहितो. दोन विहिरींच्या मधल्या अंतराचं काही तरी..."

"लिवा," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

त्यानं लिहिलं असावं. पावसाळ्याच्या तोंडावर त्याची बदली भंडाऱ्याकडे झाली. जाताना तो घरी आला, माठ रिकामा होता तरी थोडा वेळ बसला.

पाऊस आषाढ सरता सरता आला. साठातली चौदा झाडं फुटली, बाकीची काळी पडून उभीच राहिली. पाचव्या ओळीतलं बुटकं झाडही गेलं. धोंडबानं ती तोडली नाहीत. त्याच्या छातीत आता कुऱ्हाड उचलण्याइतकं काही उरलं नव्हतं. मनकर्णानं आणि इंदूबाईनं ती एकेक करून पाडली आणि मधल्या पट्ट्यात ज्वारी पेरली. वाड्यातल्या बाया आता घागरी घेऊन नाल्याच्या झिऱ्यावर जाऊ लागल्या. भैयाजीनं मृगाची वाट पाहिली नव्हती. झाडांना ताण आधीच बसलेला होता, मोटर आली तसं पाणी सोडलं. त्याची चारशेच्या चारशे झाडं फुलली.

फाल्गुनात फळांची तोड सुरू झाली. मनकर्णा शिडीवर चढून देठासकट फळ कापायची, इंदूबाई खाली झेलून पाटीत रचायची. नागपूरच्या बाजाराचा ट्रक धुऱ्यापर्यंत यायचा. दिवसाच्या शेवटी मुकादम डागी फळं वेगळी काढायचा आणि मजुरांना एकेक द्यायचा. इंदूबाई आपलं तिथंच खाऊन टाकायची. मनकर्णानं आपलं पदरात बांधलं.

धोंडबा खाटेवर होता. दोन दिवस ताप होता, तोंडाला चव नव्हती. तिनं संत्रा त्याच्या हातात दिला. त्यानं तो फिरवून पाहिला, नाकाशी नेला, साल दाबून पाहिली.

"भैयाजीच्याकडचा?"

"हो."

तिला वाटलं तो फेकून देईल. त्यानं साल एकसंध सोलली, वरचे धागे काढले, पहिली फोड तोंडात ठेवली आणि डोळे मिटून चावली. मग दुसरी. सगळ्या फोडी खाऊन झाल्यावर त्यानं बोटं धोतराला पुसली.

"याले पानी बराबर भेटलं," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.